टिपणीसांची विरुद्ध बाजू

आपल्याशी कुणी सहमत झालेले टिपणीसांना खपत नाही. वाद घालणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. पण वाद जिंकत आल्याची चाहूल लागताच घाईघाईने पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहणारा माणूस हा एकच. "पटलं बुवा तुमचं," असे समोरच्याने म्हणायचा अवकाश, टिपणीसांच्या कपाळावर आठ्या उमटतात, कप बशीत ठेवला जातो, तर्जनी वर होते आणि ते म्हणतात, "थांबा. इतकं सोपं नाही ते." मग अर्धा तास खपून स्वतःच रचलेली भिंत ते स्वतःच्याच हाताने, एकेक वीट अलगद काढून, उतरवू लागतात.

हा वाद बेसबॉलचा असतो. त्यातही खेळाचा नव्हे, खेळ नसतानाचा.

जपानात बेसबॉलचा मोसम शरदाबरोबर संपतो. मैदाने ओस पडतात, आणि मग दुकानादुकानांतून 'स्टोव्ह लीग' सुरू होते. नाव इथल्याच लोकांनी ठेवलेले. थंडीत स्टोव्हभोवती बसून, कुठला खेळाडू जुना संघ सोडणार, आपल्या संघाने कुणाला आणावे आणि कुणाच्या वाटेला जाऊ नये, यावर रसिकांनी घातलेला वाद म्हणजे ही लीग. हिच्यात चेंडू नसतो, मैदान नसते आणि कुणीही कधी बाद होत नाही. टिपणीसांचा खरा मोसम हाच.

ओजिमातल्या सरकारी वसाहतीच्या मागे एक बाजारगल्ली आहे. तिथे तोफूवाल्याच्या शेजारी कॉफीचे एक जुने दुकान आहे आणि त्यात आठवड्याचे पाच दिवस मी काम करते. नवऱ्याच्या तोयोसूमधल्या नोकरीबरोबर मी इथे आले. घरात बसून भाषा येणार नाही हे उमगल्यावर हा अरुबाइतो धरला. अर्धवेळच्या कामाला इथे तसे म्हणतात. दाते हे आडनाव जपान्यांतही आहे. फोनवर ते ऐकून मालकांनी मला आनंदाने बोलावून घेतले, आणि मी दारात उभी राहिले तेव्हा 'दाते-सान कुठे राहिल्या?' अशा नजरेने माझ्या खांद्यावरून मागे गल्लीत पाहिले. मालकांना सगळे 'मास्टर' म्हणतात. ते फार कमी बोलतात. काचेच्या नळीतून वर चढणाऱ्या कॉफीकडे ते तापात झोपलेल्या लेकराकडे पाहावे तसे पाहत उभे असतात.

दुकानाच्या मधोमध रॉकेलचा स्टोव्ह आहे. त्याच्यावर किटली सदैव पुटपुटत असते. हिवाळ्यात आत शिरले की पहिल्यांदा रॉकेलचा निळसर वास येतो, मग भाजलेल्या बियांचा काळा, आणि सगळ्यांत शेवटी खुंटीला टांगलेल्या ओल्या लोकरी कोटांचा करडा. काचांवर वाफ धरते आणि बाहेरून जाणाऱ्या सायकली पाण्याखालून गेल्यासारख्या दिसतात.

या वासांत तीन वर्षांपूर्वी टिपणीसांचा चंदनाच्या साबणाचा वास येऊन मिसळला, तो गेलाच नाही.

अविनाश टिपणीस अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. उंच, थोडे वाकलेले. दाराच्या चौकटीबाहेरही सवयीने मान लववून चालणारे. जपानात येऊन त्यांना बावीस वर्षे झाली. तोयोसूच्या एका कचेरीत ते इतरांनी लिहिलेली सॉफ्टवेअरे तपासतात, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतात, आणि संध्याकाळी ती नजर पुसून ठेवायला विसरतात. मी टोस्ट दिला की ते तो उलटून पाहतात. बिलावरची तारीख तपासतात. कुणी सांगितले की अमक्याने शेवटच्या सामन्यात चेंडू थेट गॅलरीत पाठवला, की टिपणीस शांतपणे विचारतात, "एकदा झालं. पुन्हा करून दाखवलं का?"

त्यांचे जपानी हा दुकानातला दुसरा करमणुकीचा विषय. ते सगळे कचेरीत शिकलेले असल्याने त्यांना भांडणसुद्धा मोठ्या ग्राहकाशी बोलावे तसेच करता येते. समोर ओकाबे-सान बसलेले असतात. अडतीस वर्षे शहरबस चालवून निवृत्त झालेले. आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोहोचवण्याचा. मराठीत आणायचे तर त्यांचा संवाद साधारण असा होतो:

"आपल्या मौल्यवान मताबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे," टिपणीस म्हणतात. "तथापि ते मुळापासून चुकीचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी नम्र शंका—"

"चूक म्हणा ना सरळ!" ओकाबे-सान टेबलावर हात आपटतात. "शिव्या द्यायला शिका आधी. बावीस वर्षं काय केलंत?"

"त्या बाबतीत मी सुधारणेचा पूर्ण प्रयत्न करीन," टिपणीस म्हणतात आणि किंचित झुकतात.

या लीगचा एक नियम मात्र सांगायलाच हवा, कारण आमच्या दुकानातला सगळा हिवाळा त्या नियमाभोवती फिरला. दुसऱ्या संघातला एखादा बडा खेळाडू करारातून मोकळा झाला आणि आपण त्याला घेतले, तर त्या संघाची भरपाई करावी लागते. आणि ती भरपाई माणसाच्या रूपात मागता येते. आपण आपल्या अठ्ठावीस खेळाडूंची यादी करायची. ते अठ्ठावीस सुरक्षित. यादीबाहेर जे उरतील, त्यांतला एक तो संघ उचलून नेतो. त्याला कुणी विचारत नाही. यादी गुप्त असते, म्हणून प्रत्येक रसिक स्वतःची यादी करतो, आणि अठ्ठाविसावे नाव लिहिताना भली भली माणसे पेन्सिलीचे टोक चावतात.

यंदा मोकळा झालेला बडा खेळाडू म्हणजे एक डावखुरा, धिप्पाड फलंदाज. टिपणीसांनी त्याचे नाव 'महाबाहू' ठेवले आणि त्याचा अर्थ ओकाबे-सानना इतक्या आदरार्थी जपानीत समजावला की ते म्हणाले, मंदिरात बसवायचाय का त्याला? महाबाहू आपल्या संघात यावा असे अर्ध्या गल्लीला वाटत होते. पण तो आला, तर अठ्ठावीस नावांच्या बाहेर कोण पडणार, हेही सगळ्यांना ठाऊक होते: बासष्ट नंबरचा कॅचर.

बासष्ट म्हणजे दुसऱ्या फळीचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवा बसून गोलंदाजाचे चेंडू झेलणारा. तेहेतीस वर्षांचा. पहिल्या कॅचरचे बोट दुखावले की खेळणारा. फलंदाजी अशी की त्याची पाळी आली की लोक चहा आणायला उठतात. अकरा वर्षे तो याच संघात होता.

"त्याला कोण रडणारे?" ओकाबे-सान म्हणाले. "महाबाहूचा एक फटका आणि बासष्टचं एक वर्ष. सारखंच."

तो नोव्हेंबरातला एक मंगळवार होता. त्या दिवशी टिपणीस बासष्टचे वकील होते. बासष्ट असला की तरुण गोलंदाज कसे निवांत होतात, खालच्या चेंडूंना तो अंगावर कसा घेतो, हे त्यांनी तासभर सांगितले. ओकाबे-सान जे जे खोडून काढत, ते टिपणीस लगेच एका छोट्या वहीत टिपून घेत. शेवटी ओकाबे-सान किटलीकडे पाहत पुटपुटले, "असेलही. त्याला ठेवायला हवं, कदाचित."

"थांबा," टिपणीस दचकून म्हणाले. "इतकं सोपं नाही ते. तुमच्याकडे आणखी मुद्दे असतील."

"संपले."

"असं कसं? फलंदाजीबद्दल बोला ना काहीतरी."

शनिवारी ते आले ते महाबाहूचे वकील होऊन. मंगळवारचे ओकाबे-सानचे सगळे मुद्दे त्यांच्याच तोंडावर, अधिक नीटनेटके करून, मांडू लागले. ओकाबे-सान बराच वेळ तोंड उघडे ठेवून ऐकत राहिले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दाते-सान, तुमच्या देशात सगळेच असे असतात, की हे एकटेच?"

मी म्हणाले, "पुण्याकडे थोडे आहेत."

रविवारी दुपारी तीन वाजता टिपणीसांचा फोन वाजतो. क्योतोहून त्यांची मुलगी ऋचा बोलते. सव्वीस वर्षांची आहे, तिथल्या विद्यापीठात शेवाळावर पीएच.डी. करते. टिपणीसांना डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि उजव्या हाताने त्यांना वही धरायची असते, म्हणून फोन टेबलावर उघडा असतो आणि सगळे दुकान तो ऐकते. मास्टर रेडिओ बारीक करतात. ओकाबे-सान वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात आणि पान उलटत नाहीत.

मला पहिल्या रविवारी नवल वाटले होते ते वेगळ्याच गोष्टीचे. बाप आणि लेक, दोघेही टिपणीस, आणि बोलणे सगळे जपानीत.

"महाबाहूला घ्यायला हवं," टिपणीस वहीत पाहत म्हणत. "तुझा बासष्ट गेला तरी चालेल."

"चालेल?" फोनमधला आवाज उसळे. "बाबा, तुम्हाला बेसबॉलमधलं काय कळतं? अकरा वर्षं गुडघे मोडून बसलाय तो माणूस!"

"गुडघे मोडणं ही कामगिरी नाही."

"म्हणजे तुम्ही फक्त आकडे बघणार?"

"आकडे पुन्हा पुन्हा तेच येतात. माणसांचं तसं नाही."

आणि गाडी सुटे. मुद्दा अडला की टिपणीस भुवया उंचावून ओकाबे-सानकडे पाहत. ओकाबे-सान वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी खरडून ते पुढे सरकवीत. चाळीस मिनिटे, पन्नास मिनिटे. फोन ठेवताना टिपणीसांचे गाल स्टोव्हजवळ बसल्यासारखे लाल झालेले असत, आणि ते घड्याळाकडे पाहून वहीत एक आकडा लिहीत.

डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका गुरुवारी मास्टर बिया आणायला गेले होते. दुकानात टिपणीस एकटेच होते. मी बश्या पुसत होते. बाहेर गिंकोच्या झाडांची शेवटची पाने पडत होती. खाली चिरडलेल्या त्यांच्या फळांचा तो सडक्या लोण्यासारखा वास दार उघडले की आत येई.

"टिपणीसकाका, एक विचारू?"

"विचारा. पण काका नको. काका म्हटलं की माझे गुडघे दुखतात. टिपणीस-सान म्हणा, निदान ऑफिसात असल्यासारखं वाटतं."

"टिपणीस-सान, तुमचं स्वतःचं मत काय हो? महाबाहूला घ्यावं की नाही?"

त्यांनी टोस्टचा तुकडा बशीत ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही.

"माझं मत घेऊन काय करायचंय, दातेबाई? एका मताने फोन होत नाही. त्याला दोन लागतात."

मग, विचारले नसते तर कधीच सांगितले नसते अशा आवाजात, त्यांनी सांगितले. मंजिरीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तोवर रविवारचा फोन त्यांचा असे. त्या तास-तास लेकीशी बोलत आणि शेवटी, "घे, बाबांशी बोल," म्हणून फोन यांच्या हाती देत. हे विचारत, जेवलीस का? ती म्हणे, हो. अभ्यास? बरा. थंडी? आहे. मग हे फोन मंजिरीताईंना परत करत, आणि दोघींचे उरलेले बोलणे सुरू होई. तीन वर्षांपूर्वी मंजिरीताई गेल्या. त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा तो थेट यांच्याच हातात होता.

"जेवलीस का, अभ्यास, थंडी," टिपणीस म्हणाले. "एक मिनिट चाळीस सेकंद. पुढच्या रविवारी एक मिनिट पस्तीस. मला वाटलं, हा असाच कमी होत होत एक दिवस शून्यावर येणार."

"मग?"

"मग एकदा टीव्हीवर तो बासष्ट दिसत होता. मायलेकींचा लाडका, दोघी डब्यात थालीपीठं घेऊन मॅचला जायच्या. मी कधी गेलो नाही, शनिवार-रविवार आमची कामं असायची. मला क्रिकेटपलीकडे काही ठाऊक नव्हतं. गप्प राहवेना म्हणून मी म्हटलं, तुझा तो बासष्ट काही कामाचा दिसत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर एक चोरटा आनंद पसरला. "पंचवीस मिनिटं भांडली, दातेबाई. पंचवीस मिनिटं. जपानीत. भांडताना तिला मराठी पुरत नाही. मी निम्मं समजलो नाही. पण आवाज ऐकला."

तेव्हापासून तीन वर्षे टिपणीस बासष्टच्या विरुद्ध होते. सोमवारी नियम वाचत, मंगळवारी ऋचाच्या बाजूने लढून पाहत, म्हणजे तिला काय उत्तर देता येईल ते ओकाबे-सानकडून मिळे. शनिवारी ती उत्तरे घोटून पक्की करत. आमचे दुकान ही त्यांची तालीम होती. आणि या तालमीत, कुठल्यातरी मोसमात, त्यांच्या नकळत एक भानगड होऊन बसली होती.

त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. संघाच्या कचेरीला लिहिलेले पत्र होते. टिपणीसांना पत्र एकाच तऱ्हेने लिहिता येते, सॉफ्टवेअरमधली चूक कळवावी तसे. विषय: बासष्ट क्रमांकाचा खेळाडू गमावण्याचा धोका. तीव्रता: अतिशय गंभीर. चूक घडण्याच्या पायऱ्या: एक, डावखुरा फलंदाज घ्यावा. दोन, अठ्ठावीस नावांची यादी करावी. तीन, आकड्यांवर विश्वास ठेवावा. अपेक्षित परिणाम: संघ बळकट होतो. प्रत्यक्ष परिणाम: तरुण गोलंदाजांना पाहायला समोर कुणी उरत नाही. त्याखाली एक ओळ होती, जी अशा पत्रात बसत नव्हती: 'मैदानावरचे सगळे खेळाडू एका दिशेला तोंड करून उभे असतात. हा एकटाच त्यांच्याकडे तोंड करून बसलेला असतो. कृपया विचार व्हावा.' खाली सही, आणि तिच्या शेजारी लाल शिक्का, अगदी सरळ.

"हे ऋचाला..."

"रविवारी चुकूनही बोलू नका," ते घाईने म्हणाले. "तिला वाटायला हवं, मी त्याच्या विरुद्ध आहे. तो राहिला, तर पुढचं वर्षभर भांडता येईल. तो गेला तर मी कुणाच्या विरुद्ध बोलू?"

आठ दिवसांनी संघाकडून एक छापील कार्ड आले. त्यांच्या मौल्यवान मताबद्दल संघ अंतःकरणपूर्वक आभारी होता. टिपणीसांनी ते कार्ड दोनदा वाचले. ही भाषा त्यांना चांगली परिचयाची होती. तिचा अर्थ काय होतो हेही.

डिसेंबरच्या मध्याला महाबाहूने करार केला. ओकाबे-सान मोची, म्हणजे बीनचे गोड सारण भरलेले तांदळाचे मऊ गोळे, सगळ्यांसाठी घेऊन आले आणि दुकानभर वाटले. टिपणीसांनी एक घेतला, उलटून पाहिला, आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात ठेवला. त्या रविवारी ऋचा नुसती तडतडत होती, टिपणीस महाबाहूची बाजू जीव तोडून लढवत होते, आणि टेबलाखाली त्यांचा पाय सारखा हलत होता. बावन्न मिनिटे. ऋचाने फोन ठेवताना म्हटले, "बासष्टला काही झालं ना, बाबा, तर मी बेसबॉलच सोडणार."

नव्या वर्षाच्या सुट्ट्या संपल्या, सणासाठी दुकानासमोर लावलेल्या पाइनच्या फांद्या उतरल्या, आणि एका सकाळी वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. भरपाई म्हणून बासष्टला मागून घेतले होते. फोटो नव्हता. ओकाबे-सानने ते पान घडी करून मास्टरना दिले, मास्टरनी वाचून ते ओट्याखाली ठेवले, आणि दिवसभर कुणी बेसबॉलचे नाव काढले नाही. माझ्या लक्षात आले की महाबाहूच्या बाजूच्या ओकाबे-साननाही या बातमीचा आनंद झालेला नव्हता.

टिपणीस त्या आठवड्यात मंगळवारी आले नाहीत. शनिवारी आले, एकटे कोपऱ्यात बसले आणि वहीत लिहीत राहिले. कॉफी तशीच गार झाली, तिच्यावर पातळ साय धरली. मी दुसरी ठेवायला गेले तेव्हा पाहिले, दोन पाने भरली होती: संघाचा निर्णय योग्य का आहे, याची चौदा कारणे. अक्षर सुंदर होते. एकही कारण त्यांना पटलेले असेल असे मला वाटले नाही.

रविवारी तीनला फोन वाजला. रेडिओ बारीक झाला. वर्तमानपत्र वर गेले.

"ऋचा," टिपणीसांनी जपानीत सुरुवात केली, "संघाने जे केलं त्याकडे तटस्थपणे पाहिलं, तर पहिली गोष्ट अशी—"

"बाबा, आज बेसबॉल नको."

आवाज थकलेला होता. मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"संघाचंच बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमचंही बरोबर आहे. इलाज नव्हता."

टिपणीसांची तर्जनी वर गेली. ओकाबे-सानचे वर्तमानपत्र खाली आले. आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत होतो. आता ते बाजू बदलतील, बासष्टचे वकील होतील, गाडी सुटेल. बोट तसेच हवेत राहिले, आणि मग हळूहळू मिटले. वहीची दोन पाने त्यांनी पालथी घातली. किटलीची पुटपुट ऐकू येत होती. फोनच्या पडद्यावर वेळ दिसत होती: एक मिनिट दहा. एक मिनिट वीस.

"बरं," टिपणीस मराठीत म्हणाले. "मग? आणखी काय?"

"काही नाही," जपानीत.

एक मिनिट पन्नास. ओकाबे-सानने पेन उचलले, कोऱ्या कडेकडे पाहिले आणि खाली ठेवले.

"वाल आणलेत," ऋचा अचानक म्हणाली. मराठीत, शब्दांवर पाय जपून ठेवत. "बिरडं करणार होते. भिजवले, बांधले. मोड येत नाही. थंडी खूप आहे इकडे. आई काय करायची?"

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले, आणि का कोण जाणे, मिटून घेतले. त्यांची नजर टेबलावरून, स्टोव्हवरून, वाफ धरलेल्या काचेवरून फिरत राहिली. अडगळीत पडलेले काही शोधावे तशी.

"कोतात्सू," ते म्हणाले. खाली हीटर आणि वरून गोधडी असलेल्या बुटक्या टेबलाला इथे तसे म्हणतात.

"काय?"

"कोतात्सूत ठेवायची. फडक्यात बांधून, आत, गोधडीच्या कडेला. हीटरपासून लांब. मी एकदा टेबलाखाली पाय पसरले ते नेमके त्या गाठोड्यावर. पचकन आवाज झाला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

फोनमधून मग हसू आले, नाकातून, मोठ्याने, लहान मुलीचे.

"ते तुम्ही होतात? आई म्हणाली होती, भूकंपाने झालं!"

"भूकंप? असं म्हणाली?"

"मी शाळेत सांगितलं होतं सगळ्यांना! किती रात्री ठेवायची?"

"दोन."

"छे. एक. शनिवारी बांधायची, रविवारी सोलायचो आम्ही."

"शुक्रवारी बांधायची."

"शनिवारी! तुम्ही कुठे असायचात शनिवारी घरी?"

टिपणीसांनी पालथ्या वहीकडे पाहिले. मला वाटले, संपले.

"शनिवारी नसायचो," ते सावकाश म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी असायचो. म्हणून तर सांगतो. सुती फडकं, हिरव्या काठाचं. मीच गाठ धरायला बोट ठेवायचो."

"हिरवा नाही," ती म्हणाली. आवाज ओला होता आणि तरीही हटून बसलेला. "निळा. निळा होता काठ."

"हिरवा, ऋचा."

"बाबा, निळा! आणि लसूण? लसूण ती फोडणीत घालायची ना?"

"फोडणीत नाही. ठेचून, नंतर."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी स्वयंपाकघरात..."

फोडणीला जपानी शब्द नाही. त्यामुळे ती आता मराठीतच होती; मोहरीला पुल्लिंगी आणि हिंगाला स्त्रीलिंगी करत, अडखळत, पण परतीची वाट न धरता. टिपणीस पुढे झुकले होते. टेबलावरचे दोन्ही हात उघडे होते. या बाजूला उभे राहण्यासाठी त्यांनी कुठलीही तालीम केली नव्हती, आणि ती सोडून पलीकडे जाण्याची त्यांची तयारी दिसत नव्हती.

ओकाबे-सान आपली खुर्ची न वाजवता माझ्याकडे सरकले. सगळ्या बोलण्यातला एकच शब्द त्यांच्या हाती लागला होता.

"दाते-सान," ते कुजबुजले, "बासष्टच्या प्रकरणात कोतात्सू कुठून आला?"

"बासष्टचं नाही चाललेलं," मी म्हणाले. "त्यांच्या पत्नीबद्दल बोलताहेत."

ओकाबे-सानने मान हलवली. किटली वाजू लागली होती. मास्टरनी ती उचलून खाली ठेवली. तेवढ्यात दाराची घंटी किणकिणली आणि कोटावरचे पाणी झटकत एक गिऱ्हाईक आत आले, काहीतरी विचारणार तोच ओकाबे-सानने हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवले.

"श्श," ते म्हणाले, अडतीस वर्षांत कुणी ऐकला नसेल इतक्या हळू आवाजात. "अजून चालू आहे."